फकीर मोहम्मदचे दोन माइक

चिखलीच्या फकीर मोहम्मदला ऐकू येत होते. हे आरंभीच नमूद करायला हवे, कारण त्याच्या आयुष्याची नासाडी या एका खऱ्या विधानाने केली. बैलगाडीचा खडखडाट, ढोल, ढगांचा गडगडाट, छातीतून बोलणाऱ्या पुरुषाचा आवाज हे सर्व त्याला इतर कोणाहीइतकेच ऐकू येई. ऐकू येत नसे ते वरचे, बारीक: चिमण्या, बांगड्या, झांज, आणि दोन हातांच्या पलीकडून बोलणारी स्वतःची बायको.

ही उणीव जन्माची नव्हती. सरकीपासून रुई वेगळी करणाऱ्या एका जिनात तो दहा-बारा हंगाम फिटर होता. यंत्रे सुरू झाली की तिथे माणसे एकमेकांच्या ओठांकडे पाहून बोलत. संध्याकाळी कानात उरणारी गुणगुण सकाळपर्यंत विरून जाई. एका वर्षी ती विरली नाही. फिटर लोकांत बहुतेकांचे असेच होई आणि त्याला कोणी आजार म्हणत नसे. 'जिन कानात बसला' एवढेच म्हणत आणि कामाला लागत. अजीजुन्निसाने, म्हणजे त्याच्या बायकोने, नवऱ्यासाठी घशातून जाड बोलण्याची सवय लावून घेतली होती. शेजारच्या बायका तिला 'जमादार' म्हणत. हे नाव तिच्या तोंडावर घेत, कारण त्यात त्यांना काही वाईट वाटत नसे.

१९३७ च्या निवडणुकीत पडलेल्या एका उमेदवाराने आपला लाउडस्पीकर विकायला काढला, तेव्हा जिन सोडून फकीर मोहम्मदने तो घेतला. दोन भोंगे, एक माइक, मोटारीची बॅटरी, आणि काचेच्या दिव्यांनी तापणारी एक लोखंडी पेटी. पेटीच्या तोंडावर दोन बटणे होती, कारण तिला दोन माइक लावता येत. दुसरा माइक त्याच्याकडे नव्हता, आणि त्याची गरजही पडली नव्हती.

कानाने अधू माणसाने आवाजाचा धंदा करावा यात कोणालाही विसंगती दिसेल. त्याला ती दिसली नाही. तो यंत्राचा माणूस होता आणि यंत्र कानाने चालत नाही अशी त्याची समजूत होती. नवे काही करायचे झाले की तो अंगणात भोंगे उभे करी, ग्रामोफोनची तबकडी लावी आणि घराच्या दाराकडे तोंड करून बसे. आत पडद्यामागे अजीजुन्निसा ऐकत असे. आवाज कमी वाटला तर ती पडदा वर उचली, जास्त झाला तर खाली सोडी; बरोबर झाला की पडदा स्थिर राही. मग तो बटणाच्या कडेला कानशीने बारीक खूण करी. लग्नाच्या मांडवात त्या खुणा पुरत नसत. तिथे तो भोंग्याच्या बांबूला दात लावून थरथर अजमावी, नंतर मांडवाच्या टोकाला जाऊन शेवटच्या रांगेतल्या माणसांची तोंडे पाही. कपाळाला आठ्या पडल्या तर आवाज कर्कश. माना पुढे आल्या तर अपुरा. माणसे आपापसांत बोलू लागली तर सगळे ठीक. या पद्धतीने त्याने दोन वर्षे निभावली आणि चिखलीच्या आसपास त्याचे नाव झाले. काम अचूक आणि माणूस सचोटीचा, असे लोक म्हणत. यांतले पहिले बायकोच्या कानावर आणि परक्यांच्या कपाळांवर अवलंबून आहे हे तो जाणून होता. दुसरे मात्र त्याचे स्वतःचे होते आणि ते तो जपत असे.

१९३९ च्या फाल्गुनात धामणगाव बढ्याचे वामनराव पाटील त्याच्याकडे आले. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या गावी कलगी-तुऱ्याचा सामना होत असे. कलगीवाले शाहीर शक्तीची बाजू मांडतात, तुरेवाले शिवाची. एका फडाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच जवाब द्यायचा. ज्याचा जवाब चुकला किंवा आलाच नाही, तो हरला. धामणगावची रीत अशी की हरलेल्या फडाचा डफ वर्षभर चावडीत खुंटीला टांगला जाई आणि त्या फडाला वर्षभर कुठेही गाता येत नसे. कलगीचा शाहीर शालिग्राम हा बारीक, चढ्या गळ्याचा. त्याच्या साथीला झांज. तुऱ्याचा उकंडराव हा भरदार गळ्याचा. त्याच्या हाती डफ.

"यंदा भोंगा लावू म्हणतो," वामनराव म्हणाले. "पण एक अडचण हाये, फकीरभाई. ते दोघं एका माइकात गाणार नाहीत."

"काऊन?"

"शालिग्रामाच्या तोंडचा माइक तोंडापाशी धरू का, म्हणते उकंडराव. उष्टा माइक नाही चालत त्याले. शालिग्राम त्याच्याहून दीडशहाणा. तो म्हणते, आधी त्यानं वापरला त आमचा सवाल इटाळते."

बाजूला उभा असलेला पाटलांचा गडी म्हणाला, "दोघायच्या थुंकीचा कज्जा हाये, मालक. माइकाचा नाही."

फकीर मोहम्मदने दुसरा माइक मागवला. एकाच पेटीतून दोन गळे सारखे ठेवण्याचे काम त्याने पूर्वी केले नव्हते. अंगणात अजीजुन्निसाने पडदा उचलून आणि सोडून दोन्ही बटणांवर खुणा करून दिल्या. पण एका माइकासमोर तबकडी होती आणि दुसऱ्यासमोर तो स्वतः. शालिग्राम आणि उकंडराव तिथे नव्हते.

"तिथं खुणेवर बसू नका," ती आपल्या जाड आवाजात म्हणाली. "लोकायची तोंडं पाहा."

"सामन्यात तोंडं खरं बोलत नसतेत," तो म्हणाला. "ज्याच्या त्याच्या माणसाले आपल्याच शाहिराचा आवाज कमी वाटते."

हे त्याचे म्हणणे अगदी बरोबर होते. आपल्या पद्धतीचा आधार इथे उपयोगी पडणार नाही, हे त्याने आधीच ओळखले होते. त्यावर त्याने जो उपाय ठरवला तो असा की लोकांकडे पाहायचेच नाही. खाली मान घालून, कोणाचीही भीडमुर्वत न ठेवता, फक्त आपल्या कानाला दोन्ही गळे सारखे वाटतील असे करायचे. गाणारे दोघेही पुरुष, आणि पुरुषाचा गळा तर आपल्याला येतो, असे त्याने धरले होते. पक्षपाताची शंकाही येऊ नये यासाठी त्याने निवडलेला हा मार्ग होता.

सामना आमराईत भरला. मंचावर दोन टोकांना दोन फड, मध्ये खाली फकीर मोहम्मदची पेटी. निवाडा करणारे तिघे, म्हणजे वामनराव आणि गावातले दोन वृद्ध, यांना मुद्दाम मागे लांब चिंचेखाली बसवले होते, म्हणजे मंचाजवळच्या हाकाटीचा त्यांच्यावर परिणाम होऊ नये. त्यांच्यापर्यंत पोचणारा आवाज फक्त भोंग्यांचा होता.

पहिल्या सवालापासूनच फकीर मोहम्मदला शालिग्राम अपुरा वाटला. त्याचा गळा जणू गोधडीखालून येत होता आणि झांज तर वाजतच नव्हती. वाजवणाऱ्याचे हात तेवढे हलत होते. उकंडरावाचा मात्र शब्द न् शब्द स्पष्ट येत होता. न्याय एकच होता: अपुऱ्याला वाढवायचे, भरपुराला आवरायचे. त्याने शालिग्रामचे बटण चढवले, उकंडरावाचे उतरवले. तरी तोल साधेना. त्याने आणखी चढवले. शालिग्रामच्या माइकातून आता भोंगा मधूनमधून तीक्ष्ण शीळ घालू लागला आणि पुढच्या रांगांतल्या लोकांनी कानांवर हात ठेवले. ती शीळ ज्या उंचीवर होती तिथे फकीर मोहम्मदचे जग संपलेले होते. उकंडरावाची माणसे उठून ओरडली. ते त्याला ऐकू आले, पण सामन्यात माणसे ओरडणारच हे त्याने गृहीत धरले होते, आणि मान वर करायची नाही हा त्याचा निश्चय होता. जेव्हा दोन्ही गळे त्याच्या कानी अगदी समसमान उतरले तेव्हा त्याने बटणांवरून हात काढला. त्या दुपारी तो समाधानी होता.

शालिग्रामने शेवटचा, सर्वांत अवघड सवाल टाकला. उकंडरावाने त्याचा जवाब दिला, पुरा आणि बिनचूक. फकीर मोहम्मदने तो सबंध ऐकला. मंचाला खेटून बसलेली चार माणसे सोडली, तर आमराईत हा जवाब ऐकणारा तो एकटाच होता. चिंचेखालच्या तिघांना शालिग्रामच्या माइकातून येणाऱ्या झांजेच्या कल्लोळाखाली काहीतरी पुटपुटल्यासारखे कळले. जवाब आला नाही, असा त्यांनी निवाडा दिला. उकंडरावाच्या हातून डफ काढून घेण्यात आला.

मग पेटीभोवती गर्दी झाली.

"किती खाल्लं बे शालिग्रामाचं?"

"कलगी-तुऱ्यात या मियाले बसवाले कोणी सांगतलं होतं?"

"तुहा डफ मढवून देणारा बी मियाच हाये ना? का तुहा मामा?" तिसऱ्याने दुसऱ्याला विचारले, आणि थोडा हशा झाला, पण फकीर मोहम्मदची धरलेली गचांडी कोणी सोडली नाही.

वामनराव आले. बटणे कुठे होती ते सर्वांना दिसत होते: एक टोकाला चढलेले, दुसरे जवळजवळ बंद. काय सांगावे हे फकीर मोहम्मदला सुचवायला तिथे चिखलीचे कोणी नव्हते. त्याने स्वतःच ठरवले. धंदा गेला तरी नाव राहिले पाहिजे, असा त्याचा हिशेब होता.

"पाटील, मी बेइमान नाही," तो म्हणाला. "मले बारीक आवाज येत नाही. जिनात कान गेले माहे."

मग मागून एकाने म्हटले, "अरे, बहिऱ्यानं भोंगा घेतला!" आणि जो हशा झाला तो आधीच्या हशासारखा थोडा नव्हता.

वामनराव हसले नाहीत. ते न्यायाचा विचार करणारे गृहस्थ होते आणि त्यांनी प्रश्न नीट मांडला. माणूस खरोखर बहिरा असेल तर तो दैवाचा भाग; भोंगा लावायला दोन्ही फड राजी होते, तेव्हा निकाल कायम. माणूस ऐकत असून हे केले असेल तर ती लबाडी; निकाल रद्द, डफ परत. उद्या सकाळी चावडीपुढे त्याचे कान तपासू, म्हणजे शंका उरणार नाही. या व्यवस्थेतला दोष कोणाच्याही ध्यानी आला नाही. बहिरा म्हणजे ठार बहिरा, आणि ऐकणारा म्हणजे ऐकणारा; मधला माणूस त्यांच्यापैकी कोणी पाहिला नव्हता. मात्र आता फकीर मोहम्मद बहिरा ठरावा असे वाटणारा त्या गावात एकच पक्ष उरला, तो शालिग्रामचा. त्या पक्षाचे लोक सकाळी त्याच्याजवळ येऊन उभे राहिले, पाठीवर हात ठेवू लागले, आणि तो त्यांचाच माणूस असल्याची इतरांची खात्री झाली.

त्याच्याच रुमालाने त्याचे डोळे बांधले. चावडीपुढे सावली नव्हती. पहिल्याने एका म्हाताऱ्याने देवघरातली घंटी त्याच्या कानाशी किणकिणवली. तो हलला नाही. कोणी पितळेच्या वाटीवर चमचा मारला. कोणी विळ्यावर विळा घासला. गोजरबाई नावाची एक थट्टेखोर म्हातारी त्याच्या मागे जाऊन बारीक आवाजात म्हणाली, "जावईबापू, जेवाले चाला," आणि बायांनी पदर तोंडाशी नेले. त्याने मान वळवली नाही. मग शालिग्राम स्वतः पुढे झाला आणि त्याच्या डोक्यामागे आपल्या चढ्या गळ्याने सबंध कडवे म्हणाला. फकीर मोहम्मद ऊन सोशीत तसाच उभा होता. ऊन चढत गेले, खेळ थांबेना. मुले खडे टाकू लागली, ते आवाजासाठी की मारण्यासाठी हे सांगता आले नसते.

"बहिरा हाये गड्या," शेवटी वामनराव म्हणाले. "बिचारा."

हा शब्द त्याला ऐकू आला. वामनरावांचा आवाजही जाडच होता. फकीर मोहम्मदच्या छातीवरचे ओझे उतरले. त्याच्या हातून अपराध झाला, पण तो अपराधी नव्हता, हे आता गावाने मान्य केले होते. त्याने रुमाल सोडण्यासाठी हात वर नेला.

त्याच वेळी मागून, आठ-दहा पावलांवरून, अगदी हळू आणि आपुलकीने कोणी विचारले, "फकीरभाई, पाणी पेता का?"

तो उकंडराव होता. सबंध गावात फकीर मोहम्मदच्या कानांना सर्वांत स्वच्छ येणारा आवाज त्याचाच होता; म्हणून तर तो त्याने उतरवला होता. सकाळपासून फकीर मोहम्मदच्या ओठांना पाणी लागले नव्हते.

"हाव," तो म्हणाला, आणि आवाजाच्या दिशेने वळून त्याने ओंजळ पुढे केली.

उकंडरावाच्या हातात तांब्या नव्हता.

त्यानंतर जे झाले ते थोडक्यात सांगितलेले बरे. निकाल रद्द झाला, डफ परत गेला. 'मले जाडा आवाज येते, बारीक येत नाही,' हे तो पुनःपुन्हा सांगत होता, आणि प्रत्येक वेळी लोक अधिक हसत होते, कारण लबाडाला सुचलेली ही सबब त्यांना फारच पोरकट वाटली. ज्या गोजरबाईने त्याला जावई केले होते तीच म्हणाली, "पाण्याचं तेवढं ऐकू येते मेल्याले." कोणी तरी भोंग्यांच्या तोंडात शेण भरले. ते चिखलीला पोचेपर्यंत वाळून गेले होते. अजीजुन्निसाने ते काडीने टोकरून काढले.

उन्हाळाभर आणि पावसाळाभर त्याला एकाही लग्नाचे, एकाही सभेचे बोलावणे आले नाही. जिनात परत जावे तर तिथेही बातमी पोचली होती. जुने सोबती, ज्यांचे स्वतःचे कान त्याच्यासारखेच होते, तेही म्हणाले की असे होत नसते. बहिरा तो बहिरा. आपल्याला काय होते हे त्यांना माहीत होते. पण त्यांनाही उद्या कामावर राहायचे होते.

दसऱ्याच्या सुमारास वरवट बकालचे शेषराव नावाचे एक फडवाले त्याला शोधीत आले. ओसरीवर बसून त्यांनी इकडच्या तिकडच्या गोष्टी केल्या, मग म्हणाले, "आमचा सामना हाये. तुमचं नाव ऐकून आलो."

"काय ऐकलं?"

"धामणगावचं."

"मी काही केलं नाही, शेषराव. मी खोटा नाही, बहिरा हाओ."

शेषराव मनापासून हसले आणि त्यांनी त्याच्या गुडघ्यावर थाप मारली. "हाव, हाव. आम्हाले बी तसाच बहिरा पायजे."

पडद्याआड अजीजुन्निसा उभी होती. पडदा हलला नाही. फकीर मोहम्मदने तिकडे पाहिले. अंगणातल्या त्यांच्या जुन्या रिवाजाप्रमाणे, न हलणाऱ्या पडद्याचा अर्थ एकच होता. घरात बहुधा दाणे संपत आले असावेत. शेषराव गेल्यावर ती बाहेर आली आणि म्हणाली, "तुम्ही खरं सांगतलं. लोकायनं मानलं नाही. आता काय त्या खऱ्यामागं धावता?"

वरवटला त्याला काम फार सोपे गेले. तोल सांभाळायचा नव्हता, त्यामुळे कानांची गरजच उरली नव्हती. एक बटण वर, एक खाली. बांबूला दात लावायचे नाहीत, कोणाची तोंडे पाहायची नाहीत. शेषरावांचा फड जिंकला. पुढे एका गावी दोन्ही फडांनी त्याला आपापल्या परीने गाठले, आणि दोघांनाही त्याने हो म्हटले, कारण नाही म्हणण्याचे कारण त्याला सापडेना. आता त्याला कोणी चिखलीचा फकीर मोहम्मद म्हणत नसे; 'बहिरे उस्ताद' म्हणत, आणि म्हणताना डोळा मारीत.

पुढल्या फाल्गुनाआधी उकंडराव आला.

तो ओसरीवर चढला नाही. अंगणातच उभा राहिला. "पाटलानं यंदाबी भोंगा सांगतला," तो म्हणाला. "तुलेच सांगा, असं मीच म्हणलो. शालिग्राम बी हो म्हणला, तो तुले आपलाच माणूस समजते. मागच्या खेपी त्यायचं झालं. यंदा आपलं करून टाक."

वर्षभरात फकीर मोहम्मदला इतके स्वच्छ कोणी ऐकू आले नव्हते. "उकंडराव, तुम्ही तरी मले सांगा. त्या दिवशी मी लबाडी केली, असं वाटते तुमाले?"

"नाही बे," उकंडराव सहज म्हणाला. "माहा चुलता जिनात होता. त्याले बी असंच. बाईचं ऐकू नाही ये, बैलाचं ये. तू घंटीले हलला नाहीस तवाच मी समजलो."

"मंग पाणी काऊन इचारलं?"

"तू बहिरा ठरता त माहा डफ खुंटीवर राह्यला असता. वर्षभर गाणं बंद. मी काय करतो?" त्याच्या बोलण्यात पश्चात्ताप नव्हता, डौलही नव्हता. पीक कापावे लागले म्हणून कापले, अशा स्वरात तो बोलत होता.

फकीर मोहम्मद उठून उभा राहिला. ज्या एका माणसाच्या शब्दाने त्याचे नाव परत येऊ शकत होते, तो माणूस त्याच्या अंगणात उभा होता आणि नाकबूल करीत नव्हता. "चावडीवर चाला," तो म्हणाला. "पाटलापुढं एवढं सांगा. डफ तुमचा तुमच्यापाशीच हाये आता, तुमचं काही जात नाही. एकदा सांगा."

"सांगतो ना," उकंडराव म्हणाला. "आज सांगतो. पण मंग तुले भोंगा लावाले कोण बलावील, हे तू सांग. लबाड उस्ताद लोकायले लागते. बहिरा उस्ताद घेऊन काय करतेत?" त्याने जाण्यासाठी पाऊल उचलले. "बोल. जाऊ चावडीवर?"

घरात अजीजुन्निसाने काही म्हटले. तिने या खेपेला जाड आवाज काढला नव्हता. उकंडरावाने मान वळवून तिकडे पाहिले, म्हणून काही बोलले गेले असावे एवढे फकीर मोहम्मदला कळले. काय, ते त्याने विचारले नाही. तो हळूहळू पुन्हा खाली बसला. पेटी बाजूलाच होती. बटणांच्या कडेच्या जुन्या खुणांवरून त्याने अंगठा फिरवला.

"तुमचा माइक कोणत्या अंगाले ठेवू?" त्याने विचारले. "डाव्या का उजव्या?"

उकंडरावाने डावी बाजू सांगितली.